आमच्या हिचा कच्चा टाका

आमच्या हिनं वयाच्या बासष्टाव्या वर्षी वेल्डिंगचं मशीन घरात आणलं. त्या दिवशी मी तीनदा 'नाही' म्हणालो. पहिलं 'नाही' तिला ऐकू आलं नाही, दुसरं तिनं ऐकून सोडून दिलं आणि तिसऱ्याच्या वेळी ती खोक्यावरची चिकटपट्टी कात्रीनं कापत होती. शिवणाची कात्री होती ती. एरवी त्या कात्रीनं कुणी साधा कागद कापला तरी घर डोक्यावर घेणारी बाई! तेव्हाच मी ओळखलं की आता आपलं काही चालायचं नाही.

ही शिवणकाम करते. खालच्या पुढच्या खोलीत हिचं दुकान आहे आणि गेली चाळीस वर्षं गल्लीतली निम्मी माणसं हिच्या हातचे कपडे घालून हिंडताहेत. मी मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याबद्दल पगार घ्यायचा. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतानासुद्धा माझा हात शिवशिवतो. फरक एवढाच की दोन वर्षांपूर्वी माझी उजवी बाजू गेली, त्यामुळे शिवशिवतो तो हात उजवा आणि चालतो तो डावा. हे सगळं डाव्या हातानं लिहिलंय. छापून आल्यावर अक्षर दिसत नाही, हे एक बरं.

तर जिना. आमच्या घराला दोन खोल्या खाली, दोन वर, आणि वर जायचा जिना बाहेरून. अकरा पायऱ्या. उतरताना डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला काही नाही, थेट अंगण. पूर्वी तिथं लोखंडी कठडा होता. तो गंजून खिळखिळा झाला तेव्हा आम्हीच काढून टाकला आणि नवा करू, नवा करू म्हणत राहिलो. धडधाकट माणसांना कठड्याची आठवण येते कुठे?

आजारातून उठल्यावर मी एकदा खाली गेलो. डावा हात भिंतीवर टेकवत, एकेक पायरी करत. वीस मिनिटं लागली, पण गेलो. अंगणात खुर्ची टाकून बसलो, हिच्या दुकानात डोकावलो, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोललो. मग वर जायची वेळ झाली आणि लक्षात आलं की चढताना भिंत उजव्या हाताला येते. डाव्या हाताला नुसती हवा. पहिल्याच पायरीवर पाय लटपटले. शेवटी हिनं समोरच्या घरातल्या दोघांना हाक मारली आणि त्यांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. भली माणसं, हसली नाहीत. हसली असती तर परवडलं असतं. त्यांतला एक म्हणाला, "काका, अगदी हलके झालात हो."

त्यानंतर मी खाली उतरलो नाही. एक वर्ष आणि चार महिने मी वरच्या गॅलरीत खुर्चीवर बसून काढले. "हवा छान येते वर," असं मी सगळ्यांना सांगायचो. माझ्या मेव्हण्यानं एकदा सुचवलं, "पाठमोरे चढा की, म्हणजे भिंत डावीकडे येईल." हिनं आपल्या सख्ख्या भावाकडे असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून गेला.

माझ्या वर बसण्याचा खरा त्रास हिला होता. ही सुईत दोरा ओवायला माझा चष्मा खाली घेऊन जायची आणि मशीनवर विसरायची. मग मी वरून ओरडायचो, "अगं, चष्मा!" की ही आली अकरा पायऱ्या चढून. मग पेपर, मग गोळी, मग कुणाचा तरी फोन. रात्री झोपताना गुडघ्यांना तेल लावत बसायची आणि मी विचारलं की म्हणायची, "वयानं दुखतात."

कठडा करून घ्यायचा आम्ही प्रयत्न केला नाही असं नाही. दोन फॅब्रिकेशनवाल्यांनी काम लहान म्हणून हातच लावला नाही. तिसरा होता कोपऱ्यावरचा. तो आला, जिना बघितला, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला. ते 'उद्या' पाच महिने चाललं. आम्ही त्याचं नाव उद्यासाहेब ठेवलं आणि पुढे पुढे तोंडावरसुद्धा तेच म्हणायला लागलो. माणूस गोड. चिडायचा नाही.

शेवटी हिनं युक्ती केली. रोज दुपारी दुकान बंद असायच्या वेळी ती त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्टुलावर बसायला लागली. भांडायची नाही, बोलायची नाही, नुसती बसायची. समोर कुणी असं बसलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. उद्यासाहेबाला फुटला नाही, पण हिचं मात्र बघणं सुरू झालं. एक दिवस घरी आली ती डोळे चमकवत.

"अहो, तो काय करतो माहितेय? चौकट जोडायची असली की आधी चार कोपऱ्यांत चार ठिपके मारतो. मग गुण्या लावून काटकोन बघतो. कुठे हललं असेल तर हातोडीनं ठोकून सरळ करतो आणि मग सगळी शिवण घालतो."

"शिवण नव्हे, वेल्ड," मी म्हणालो. सवय.

"तो त्याला टाका मारणं म्हणतो. टाका! कच्चा टाकाच आहे हो तो. आम्ही बाही लावताना मारतो तसाच."

दुसऱ्या दिवसापासून ती गप्प बसेना. हे इथं सरकलंय, तो कोपरा ओढतोय, असं स्टुलावरून सांगायला लागली. आणि ते बरोबर निघायला लागलं, हे जास्त वाईट. आठ दिवसांनी उद्यासाहेब हात जोडून म्हणाला, "काकू, तुम्हीच करा की मग!"

तो वैतागून म्हणाला होता. हिनं ते मनावर घेतलं.

मशीन लहानच होतं, शिवणयंत्राच्या डोक्याएवढं. एका वायरला रॉड धरायचा होल्डर, दुसरीला चिमटा. उद्यासाहेबाला बहुधा पाच महिन्यांची लाज वाटली असावी, कारण शिकवायला तो दर रविवारी स्वतःहून यायला लागला. पहिल्या रविवारी त्यानं मशीनला हातच लावू दिला नाही. म्हणाला, "आधी जागा दाखवा." हिला वाटलं होतं, दुकानातच एका कोपऱ्यात बसू. त्यानं दुकानात नजर फिरवली. कापडाचे गठ्ठे, चिंध्यांचं पोतं, यंत्राच्या तेलाची बाटली. "काकू," तो म्हणाला, "इथं एक ठिणगी उडाली तर कठड्याची गरजच उरणार नाही."

मग अंगण. हिनं ते झाडून काढलं, वाळलेली पानं उचलली, पायपुसणी आत नेली. फरशी कोरडी आहे ना, हे त्यानं दोनदा बघितलं. एक बादली वाळूची, एक पाण्याची. "पाणी मशीनवर नाही हं ओतायचं, आधी बटण बंद," असं त्यानं सांगितलं तेव्हा हिनं मान डोलावली. मी गॅलरीतून विचारलं, "आणि बाई पेटली तर?" हिनं पाण्याच्या बादलीकडे बोट दाखवलं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र तो हिला काही शिकवू शकला नाही. त्यानं "सुती घाला, टेरिकॉट नको" म्हणायचा अवकाश, हिनं कपाटातल्या प्रत्येक कपड्याचा एकेक धागा काढून काडीवर धरला. सुती धागा जळून राख होतो. ज्यात भेसळ असते तो वितळून त्याचा काळा मणी होतो. "हा मणी अंगाला चिकटतो," ती मला समजावत होती, जसा काही मीच जळायला निघालो होतो. शेवटी परीक्षेला उतरल्या त्या माझ्याच दोन जाड सुती पँटी. ऑफिसच्या. मी त्या दोन वर्षांत घातल्या नव्हत्या. हिनं त्या उसवून स्वतःच्या मापाच्या केल्या, खालची दुमड काढून टाकली, कारण दुमडीत ठिणगी बसून राहते, आणि खिशांची तोंडं शिवून टाकली. वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, केस बांधून रुमालात. माझ्या पँटीत हिला बघून मला हसू आलं आणि थोडं कसंसंही झालं.

पहिल्या दिवशीचं काम म्हणजे नुसता रॉड चिकटवण्याचा कार्यक्रम होता. रॉड पत्र्याला टेकवला की चिकटायचा. ओढला की होल्डर हातात आणि रॉड पत्र्यावर उभा. "घासायचा काकू, काडी ओढतो तसा," उद्यासाहेब सांगायचा. "टोचायचा नाही." चाळीस वर्षं सुई टोचण्यात गेलेला हात तो, घासणार कसा? दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी चर्र असा एकसारखा आवाज आला, तेल तापल्यावर येतो तसा, आणि उद्यासाहेब म्हणाला, "हां! हा आवाज लक्षात ठेवा." हिनं जोडावर आलेली काळी खपली हातोडीनं फोडली, तारेच्या ब्रशनं घासलं आणि तो तुकडा चिमट्यात धरून मला दाखवायला वर आणला. मी चष्मा लावून पाहिला. ओळ कुठे जाड, कुठे बारीक, मध्ये दोन अक्षरं गाळलेली आणि शेवटी शाईचा डाग. मी तसं सांगितलं.

"पास की नापास?"

"पुन्हा तपासायला आणा."

ती तुकडा उचलून खाली गेली. पुढे रोज दुपारी एक तुकडा वर येऊ लागला. मी बोट ठेवून चुका दाखवायचो. इथं हात थांबलाय. इथं घाई झालीय. मला वेल्डिंगमधलं काही कळत नव्हतं, पण ओळ सरळ आहे की नाही हे कळायला वेल्डिंग कशाला यायला हवं? आजारपणानंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे तपासायला काही आणत होतं. मी दुपारची झोप सोडली.

आता डोळ्यांचं. हिच्याकडे काळ्या काचेचा मुखवटा होता, उजेड झाला की आपोआप काळा होणारा. माझ्याकडे काय? मी गॅलरीतून मजा बघत होतो. संध्याकाळी डोळ्यांत कुणी वाळू फेकल्यासारखं झालं. पाणी थांबेना, उघडवेना. घरी बोलावलेल्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि विचारलं, "वेल्डिंग बघितलं का?" मी म्हणालो, "बायकोचं." त्यांनी वर पाहिलं आणि चिठ्ठीवर आणखी एक बाटली वाढवली. दुसऱ्या दिवशी हिनं गॅलरीला जाड सुती पडदा शिवला. तरी हिचा माझ्यावर विश्वास नव्हता. रॉड टेकवायच्या आधी ती खालून मोठ्यानं "डोळे!" म्हणून ओरडायची आणि मी मान फिरवायचो. गल्लीतली येणारी-जाणारी माणसंही त्या हाकेला मान फिरवू लागली. आमच्या अर्ध्या गल्लीला हिनं शिस्त लावली.

हिचीही फजिती झाली, नाही असं नाही. गच्चीवर जुने पाण्याचे पाइप पडले होते. हिला ते फार आवडले, कारण ते चकचकीत होते. हिचा नियमच आहे, कापड धुऊन, इस्त्री करूनच कापायचं. उद्यासाहेबानं आणलेले चौकोनी पाइप काळपट, तेलकट, कुठे गंजलेले. ते आधी फडक्यानं पुसा, मग ब्रशनं घासा, मग पॉलिश पेपर मारा, मग कडा कानशीनं सपाट करा. "हे धुतलेलेच आहेत की," म्हणत हिनं एका चकचकीत तुकड्यावर रॉड टेकवला. पांढराफटक धूर निघाला. तोंडात गोडसर चव आली म्हणाली. संध्याकाळी हुडहुडी भरली, अंग तापलं. मी घाबरलो. वर बसलेला, एका अंगानं गेलेला मी हिच्यावर पांघरुणं टाकत होतो. डॉक्टरांनी तपासलं. सकाळी उतरला ताप.

उद्यासाहेब पहिल्यांदा चिडला तो तेव्हा. "जस्ताचा मुलामा असतो त्यावर, काकू! तो जळतो. त्याचाच ताप. चकाकतंय म्हणजे स्वच्छ नव्हे. आणि धुरात तोंड घालायचं नाही, वाऱ्याची दिशा बघून बसायचं." हिनं निमूट ऐकून घेतलं. ते पाइप भंगारात गेले आणि हिनं कानाला खडा लावला. काळपट पाइप ती असे काही घासायला लागली की पांढरं लोखंड दिसू लागायचं.

या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी वेळ म्हणजे काम संपल्यानंतरचा अर्धा तास. मशीन बंद केल्यावर अर्धा तास तिथून हलायचं नाही, एखादी ठिणगी कुठे धुमसत असेल तर कळत नाही, असा उद्यासाहेबाचा हुकूम होता. मग ही अंगणात बसायची चहा घेऊन, मी वर गॅलरीत चहा घेऊन. पडदा बाजूला. चाळीस वर्षांत हिला रिकामं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही कशाकशावर बोलायचो. लेकीचा फोन, समोरच्यांचं मांजर, माझ्या छापखान्यातले जुने घोटाळे. राखण ठिणग्यांची, पण गप्पा आमच्या व्हायच्या.

कठड्याला हिनं तिसऱ्या महिन्यात हात घातला. पाइप कापायला ग्राइंडर आला. त्याचं झाकण काढून काम सोपं होतं असं कुणीतरी हिला सांगितलं होतं. हिनं त्याला म्हणे विचारलं, "शिवणयंत्राच्या सुईपुढे अडसर असतो तो उगाच? बोट शिवून घ्यायचंय?" डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हात दांड्यावर, झाकण जागेवर. चार खांब कापले, खांबांच्या तळाला पट्ट्या जोडल्या, पट्ट्या उद्यासाहेबानं पायऱ्यांत बोल्टनं ठोकल्या. ओळंबा लावून एकेक खांब हिनं उभा सरळ करून घेतला. मग वरचा हात धरायचा पाइप, खांबांवर चार कच्चे टाके मारून. पक्कं काहीच नाही.

"पक्कं का करत नाहीस?" मी वरून विचारलं.

"ट्रायल घेतल्याशिवाय?" ही म्हणाली, जणू मी काही अचाट बोललो होतो. "उतरा दोन पायऱ्या."

सव्वा वर्षं मी त्या जिन्याकडे वरून बघत होतो, त्यावर पाय ठेवला नव्हता. मनात एकच होतं, या कठड्यावर हात ठेवला आणि तरीही चढता आलं नाही तर? कठडा नाही म्हणून वर बसलोय, असं आतापर्यंत म्हणता येत होतं. कठडा झाल्यावर काय म्हणणार? खाली हिच्या अंगावर माझी पँट, आणि तीन महिन्यांची मेहनत, आणि तो एक ताप. हे सगळं वाया गेलं तर ते माझ्यामुळे जाणार होतं.

"भार टाकायचा नाही. नुसता हात ठेवायचा," ही म्हणाली. ती पुढे, उद्यासाहेब मागे. भिंतीला डावा हात लावून मी दोन पायऱ्या उतरलो, दोघांनी मला फिरवलं आणि मी वर तोंड करून उभा राहिलो. डावा हात कठड्यावर ठेवला.

उंच होता. फार नाही, थोडासाच. पण हात तिथवर नेताना खांदा वर उचलावा लागत होता आणि उचललेल्या खांद्यात जोर येत नव्हता. मला ते तत्क्षणी कळलं. ही माझ्या तोंडाकडे बघत होती. कपाळावर मुखवट्याचा वळ, गालावर काजळी.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

उभ्या जन्मात मी जाणूनबुजून सोडलेली ती पहिली चूक.

ही माझ्या तोंडाकडे बघायची थांबली आणि खांद्याकडे बघायला लागली. बाही वाईट बसली की गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे बघते तशी. "खांदा वर गेलाय," ती म्हणाली. "खोटं का बोलता?"

"अगं, दीड-दोन इंच. चालेल."

"चालत नाही." मग तिचाच आवाज खाली आला. "माप चुकलं माझं."

मला वर खुर्चीत बसवलं. उद्यासाहेबाच्या काहीतरी लक्षात आलं असावं, तो ग्राइंडर शोधायला म्हणून खाली गेला. ग्राइंडर वरच होता. मी हिला विचारलं, "माप कुठून घेतलंस?"

तिनं गालावरची काजळी पुसली. मग म्हणाली, "वहीतून."

हिच्या दुकानात मापांची एक जाडजूड वही आहे. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कंबरा तिच्यात आहेत. आणि हिचा एक नियम त्या वहीइतकाच जुना. वर्षापूर्वीच्या मापावर कापड कापायचं नाही. "तेच माप आहे हो, वहीत बघा" म्हणणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना हिनं टेप लावल्याशिवाय सोडलेलं नाही. आणि माझ्या कठड्यासाठी हिनं वही उघडली होती. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभाला शिवलेल्या पँटशर्टचं माप होतं ते. सहा वर्षांपूर्वीचं. त्यावरून हिनं माझ्या हाताची उंची काढली होती. मी तर दिवसभर समोर खुर्चीत बसलेला. टेप हिच्या गळ्यात.

"अगं, मी इथंच होतो की."

"मला वाटलं, बरे झालात की तेवढेच व्हाल," ही म्हणाली.

मला त्या दिवशीचं आठवलं, "काका, अगदी हलके झालात हो." ते ऐकून मला राग आला होता. आणि इथं एक बाई होती, जिनं दोन वर्षं मला अंघोळ घातली, जिला माझं हाडन्‌हाड माहीत, आणि तिनंच माझं नवं माप घ्यायचं टाळलं होतं. आम्ही दोघंही त्या सहा वर्षांपूर्वीच्या माणसाची वाट बघत होतो. तो येणार नव्हता, हे एकमेकांना सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"वही आण," मी म्हणालो.

ती वही घेऊन आली. मी त्या दोन पायऱ्या पुन्हा उतरलो. या वेळी हिनं टेप लावला. मनगटापासून पायरीपर्यंत, कोपर किती वाकतं, डाव्या अंगावर किती कललोय, सगळं. मी घाई केली नाही. मग वर खुर्चीत बसून, वही मांडीवर घेऊन मी जुना आकडा माझ्या पद्धतीनं खोडला, एक आडवी रेघ आणि समासात खूण, आणि डाव्या हातानं शेजारी नवा लिहिला. दोन इंच कमी. आजारपणानंतरची माझी पहिली दुरुस्ती. आकडा वाकडातिकडा आला. हिनं तो वाचला, डोळे पुसले आणि वही मिटली.

"आता जेवढे आहात तेवढ्याचं शिवते," ती म्हणाली.

चार टाके उसवायला दहा मिनिटं लागली. सगळं पक्कं केलं असतं तर अख्खा कठडा भंगारात गेला असता. उद्यासाहेब हिच्याकडे बघून म्हणाला, "काकू, मला हे कुणी शिकवलं नव्हतं. ट्रायल." खांब दोन इंच कापले, पुन्हा टाके, पुन्हा ट्रायल. या वेळी हात आपोआप जाऊन बसला. मग पक्की शिवण. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाही, थोडी इथं, थोडी तिथं, मध्ये गार होऊ देत. लोखंड गार होताना आवळतं आणि ओढलं जातं, एका दमात शिवलं तर कापडाला चुणी पडते तसं. दोन दिवस "डोळे! डोळे!" चाललं होतं. मग खपली फोडून, घासून, वर लाल रंग.

रंग वाळल्यावर मी खाली गेलो. अंगणात बसलो. हिच्या दुकानात जाऊन मशीनपाशी बसलो, चिंध्यांचा वास घेतला. एका गिऱ्हाइकाच्या पिशवीवरच्या छपाईतली चूक काढली. संध्याकाळ व्हायच्या आत उठलो.

पहिली पायरी. डावा हात लाल पाइपवर, डावा पाय वर, मग उजवा ओढून. दुसरी. हात ठेवला की पाइप तिथं असायचा, हेच मला पुन्हा पुन्हा खरं वाटत नव्हतं. मागे ही, चामड्याचे हातमोजे घालून दोन्ही हात पसरून, जणू मी पडलो तर झेलणारच होती. सहाव्या पायरीवर थांबलो. खालून उद्यासाहेब म्हणाला, "काका, दमला असाल तर बाकीच्या उद्या..." आम्ही दोघांनी एकदम वळून त्याच्याकडे बघितलं. सातवी. आठवी. हिच्या वेल्डिंगच्या ओळी माझ्या डोळ्यांसमोरून चालल्या होत्या. एका ठिकाणी हात थांबलेला होता. ती चूक मी सोडून दिली. अकरावी पायरी आली, मी वर होतो, आणि मला कुणी उचललं नव्हतं.

मी खुर्चीत बसलो. ही सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली, हातमोजे काढले आणि शेजारी ठेवले. मग सवयीनं म्हणाली, "बसा आता निवांत. काही हवं असेल तर सांगा, आणते."

"चष्मा खाली राहिला," मी म्हणालो.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

"तू बस. मी आणतो."

मी उठलो आणि भिंतीवर हात टेकवला. चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात होता. हिला तो समोर दिसत होता.

"सावकाश या," ही म्हणाली.